जेट आलं तरी पिस्टनवाले बॉम्बर एवढी वर्षं टिकले कसे? (बी-३६, टीयू-४, लिंकन आणि आपले लिबरेटर)

रेडियल_राजा

जेटवाल्या धाग्यावर परवा एक प्रतिसाद आला की १९४५ नंतर पिस्टन इंजिनाचे बॉम्बर बनवणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा, जनरल लोकांची सवय सुटत नव्हती एवढंच. तिथं उत्तर लिहायला घेतलं तर ते वाढतच गेलं म्हणून हा वेगळा धागा. ज्यांना यात रस नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे नुसती इंजिनंच इंजिनं आहेत.

आधी तारखा बघा. मेसरश्मिट २६२ हे १९४४ साली लढाईत उतरलं, त्याच वर्षी जर्मनांचं आराडो २३४ हे जेट बॉम्बरपण कामाला लागलं. म्हणजे जेट ही काय चीज आहे ते सगळ्यांना कळलेलं होतं. तरी ८ ऑगस्ट १९४६ ला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला कॉनव्हेअर कंपनीचं बी-३६ पहिल्यांदा उडालं. सहा पिस्टन इंजिनं, पंखांचा विस्तार २३० फूट, आणि इंजिनं उलटी बसवलेली, म्हणजे प्रॉपेलर पंखाच्या मागच्या कडेला, विमान ओढायच्या ऐवजी ढकलणार. आणि हे धूड १२ फेब्रुवारी १९५९ पर्यंत नोकरीत होतं! तोवर अमेरिकेचं बी-४७ हे जेट बॉम्बर जुनं व्हायला लागलं होतं आणि त्याहून मोठं जेट बॉम्बर बी-५२ पण येऊन स्थिरावलं होतं.

मग अमेरिकन येडे होते का? नाही. कारण एकच, अंतर. १९४१ साली अशी भीती होती की इंग्लंड पडेल, मग जर्मनीवर बॉम्ब टाकायला युरोपात तळच उरणार नाही, तेव्हा अमेरिकेतूनच उडायचं, अटलांटिक ओलांडायचा, बॉम्ब टाकायचा आणि न थांबता परत यायचं. त्यासाठी १० हजार पौंड बॉम्ब घेऊन १० हजार मैल म्हणजे जवळजवळ १६ हजार किलोमीटर उडणारं विमान हवं होतं. १५ नोव्हेंबर १९४१ ला कंत्राट झालं, पर्ल हार्बरच्या तीन आठवडे आधी. पुढे युद्धात इंग्लंड काही पडलं नाही, बी-३६ मागे पडलं, युद्ध संपलं, पण तेवढ्यात शत्रू बदलला आणि अंतर मात्र तेवढंच राहिलं. त्या काळातलं एकही जेट त्याच्या जवळपाससुद्धा जाऊ शकत नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पिस्टन बॉम्बर हट्टामुळे टिकले नाहीत, जेटला लांबचा पल्ला झेपत नव्हता म्हणून टिकले.

बाकी गंमत प्रतिसादांत टाकत जातो. लोहगावकर, स्पॅनर काका, या इकडे.

चष्मिष्ट

खुर्ची टाकून बसलोय. चालू द्या.

नागपुरी_संत्रं

राजेहो धागा भारी आहे पण मले मुद्दा पटला नाही. अंतराचं सोडा, पोचल्यावर काय? कोरियात काय झालं ते पण लिहा ना. २३ ऑक्टोबर १९५१, नामसीच्या विमानतळावर ९ बी-२९ (चार पिस्टन इंजिनांचे अमेरिकन बॉम्बर) गेले, दिवसाढवळ्या, सोबतीला एफ-८४ जेटचा मोठा ताफा. रशियन बनावटीचे मिग-१५ हे लढाऊ जेट आले आणि तीन बी-२९ तिथंच पाडले, उरलेल्यांतले बहुतेक चिंध्या होऊन कसेबसे परत उतरले. त्यानंतर अमेरिकेनं बी-२९ ला दिवसा पाठवणंच बंद केलं, रात्रीच जायचं. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ज्यानं अख्खं जपान जाळलं ते विमान सहा वर्षांत दिवसा बाहेर निघू शकत नव्हतं. याले टिकणं म्हणतात का?

आणि अजून एक. मिग-१५ चं इंजिन कुठून आलं? ब्रिटिशांच्या मजूर सरकारनं १९४६ मध्ये रशियाले रोल्स रॉइसचं नीन इंजिन चक्क विकलं. रशियानं त्याची नक्कल केली आणि त्यावर मिग-१५ उडवलं. मग त्याच मिगनं १२ मार्च १९५३ ला जर्मनीत ब्रिटिशांचंच एक लिंकन बॉम्बर पाडलं, शांततेच्या काळात, सातच्या सात माणसं गेली. लिंकन म्हणजे महायुद्धातल्या लँकेस्टर बॉम्बरचा मोठा भाऊ, तीच चार मर्लिन पिस्टन इंजिनं. विकणाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

रेडियल_राजा

@नागपुरी_संत्रं नामसीबद्दल काहीच वाद नाही, तो दिवस म्हणजे दिवसा उडणाऱ्या पिस्टन बॉम्बरचा निकाल होता हे मान्य. पण बी-२९ आणि बी-३६ एका पारड्यात घालू नका. बी-२९ ज्या उंचीवर सापडलं तिथं मिग मजेत उडत होतं. बी-३६ हे ४० हजार फुटांच्या वर जायचं, तिथली हवा इतकी विरळ की त्या वेळच्या लढाऊ जेटला वळायचं म्हटलं तरी उंची गमवावी लागायची, आणि बी-३६ चे पंख एवढे अवाढव्य की ते तिथंही बऱ्यापैकी वळू शकायचं. पुढे तर 'फेदरवेट' म्हणून कार्यक्रमच काढला, तोफा काढून टाका, वजन कमी करा, अजून वर जा. मुळात यावर २० मिलिमीटरच्या १६ तोफा होत्या, त्यातल्या शेपटीतल्या दोन सोडून बाकी सगळ्या उतरवल्या.

पण हेही खरं की कोरियात त्यांनी बी-३६ कधी पाठवलंच नाही. ते रशियासाठी राखून ठेवलेलं. उतरवून बघितलं असतं तर तुमचा माझा वाद मिटला असता :)

मनवा_के

मला या विषयातलं ओ की ठो कळत नाही तरी वाचायला मजा येतेय. एक बेसिक प्रश्न विचारू का, जेट जास्त तेल का पितं? आज तर सगळी मोठी विमानं जेटच आहेत आणि मुंबईहून थेट न्यूयॉर्क गाठतात.

स्पॅनर_काका

@मनवा_के प्रश्न बेसिक नाही, सगळा धागा यावरच उभा आहे.

विमान पुढे जायला हवा मागे ढकलावी लागते. प्रॉपेलर खूप सारी हवा थोड्याच वेगाने मागे ढकलतो. जुनं जेट इंजिन थोडीच हवा घेतं आणि ती प्रचंड वेगाने मागे फेकतं. ढकल तेवढीच मिळाली तरी दुसऱ्या प्रकारात बरीचशी ताकद मागच्या झोतातच वाया जाते. त्यात त्या वेळची जेट इंजिनं हवा दाबायला पण कमी पडायची. बी-४७ वर जे जनरल इलेक्ट्रिकचं जे-४७ होतं ते हवा साधारण पाच-साडेपाच पटच दाबायचं. पुढे प्रॅट अँड व्हिटनीचं जे-५७ आलं, त्यात एकात एक असे दोन शाफ्ट होते, ते अकरा-बारा पटीपर्यंत गेलं आणि तिथं खरा फरक पडला. बी-५२ वर तीच आठ होती. आत्ताच्या प्रवासी विमानांच्या इंजिनात पुढे जो मोठा पंखा दिसतो तो म्हणजे परत प्रॉपेलरचाच हिशोब, भरपूर हवा आणि कमी वेग. म्हणून ती न्यूयॉर्कला पोचतात.

आता बी-३६ च्या इंजिनाविषयी. आर-४३६०, वास्प मेजर. एका इंजिनात २८ सिलिंडर, सात-सात च्या चार रांगा, एकूण आकार ७१ लिटर. मी डाकोटा या जुन्या वाहतूक विमानाच्या इंजिनावर काम करून हात काळे केलेत, त्यात १४ सिलिंडर होते आणि तेच भरपूर वाटायचे. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एका इंजिनाला ५६ आणि सहा इंजिनांचे ३३६. इंधनात शिसं घातलेलं असायचं, लांबच्या उड्डाणात हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ-जाड करत राहायचं, प्लगवर शिशाचा थर बसायचा. चाळीस चाळीस तासांच्या फेऱ्या व्हायच्या, परत आल्यावर ३३६ प्लग काढा, बघा, साफ करा, बदला. आणि विमान एवढं मोठं की बऱ्याच ठिकाणी हँगरमध्ये जायचंच नाही, सगळं काम उघड्यावर. टेक्सासच्या उन्हात आणि मेन राज्यातल्या बर्फात. पायलटचे फोटो सगळे लावतात, या पोरांचे कुणी लावत नाही.

रेडियल_राजा

काका १ नंबर. ते आगीचं पण सांगा ना.

स्पॅनर_काका

सांगतो. नेहमीच्या बसवणीत कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) इंजिनाच्या मागे असतो, म्हणजे त्याला इंजिनाची ऊब मिळते. बी-३६ मध्ये इंजिनच उलटं फिरवलं त्यामुळे कार्बोरेटर आला पुढे, थेट थंडगार हवेच्या तोंडाशी. दमट हवेत त्यात बर्फ धरायचा. बर्फाने हवेची वाट अडली की मिश्रण जाड व्हायचं, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जायचं आणि तिथं पेट घ्यायचं. हा काही हातून झालेला एखादा दोष नव्हे, मांडणीच तशी होती.

१३ फेब्रुवारी १९५० ची रात्र. अलास्काच्या आयल्सन तळावरून एक बी-३६ सरावाला निघालं, सान फ्रान्सिस्कोवर लुटुपुटुचा हल्ला करून टेक्सासला जायचं होतं. कॅनडाच्या किनाऱ्यालगत बर्फ धरला, सहापैकी तीन इंजिनांना आग लागली, ती बंद करावी लागली, उरलेल्या तिनांवर उंची टिकेना. पोटात मार्क ४ अणुबॉम्ब होता. त्यात प्लुटोनियमचा गाभा नव्हता, शिशाचा नकली होता, पण युरेनियम आणि नेहमीची स्फोटकं होती. तो समुद्रावर सोडून दिला, हवेतच फुटला. मग १७ जणांनी पॅराशूटने उड्या टाकल्या, १२ सापडले, ५ कधीच मिळाले नाहीत. खरी गंमत, गंमत कसली म्हणा, पुढे आहे. ऑटोपायलट लावून सोडलेलं रिकामं विमान समुद्राकडे जायच्या ऐवजी वळून कॅनडाच्या डोंगरांत शिरलं आणि १९५३ मध्ये ते भलतीकडेच एका पर्वतावर सापडलं. अमेरिकेने हरवलेला हा पहिला अणुबॉम्ब.

चष्मिष्ट

बाप रे. रिकामं विमान स्वतःच वळलं? अंगावर काटा.

डेझर्टमधली_मी

आम्ही ॲरिझोनात राहतो, टूसॉनच्या पिमा म्युझियममध्ये एक बी-३६ उभं आहे. उरलेली चारच आहेत आणि चारही अमेरिकेतच, डेटन, नेब्रास्का, कॅलिफोर्निया आणि हे आमचं. फोटोत याचा अंदाजच येत नाही. पंखाखाली उभं राहिलं की पावसात सुद्धा भिजणार नाही एवढी जागा, पंख मुळाशी इतका जाड की उडताना माणूस आतून रांगत जाऊन इंजिनाचं काही बघू शकायचा. पुढच्या केबिनमधून मागच्या केबिनमध्ये जायला बॉम्बच्या कप्प्याच्या शेजारून ८०-८५ फुटांचा एक बोगदा आहे, त्यात उताणं झोपायचं, छोट्या चाकांच्या ट्रॉलीवर, आणि वरची दोरी धरून स्वतःला ओढत जायचं. गरम जेवण पण त्याच ट्रॉलीवरून मागे पाठवायचे म्हणे. माझ्या मुलाला सगळ्या म्युझियममध्ये तेवढंच आवडलं.

आणि हो, पहिल्या नमुन्याची चाकं! सुरुवातीला दोन्ही बाजूंना एकेकच चाक होतं, नऊ फुटांच्या वर उंच. सगळं वजन दोन जागी एकवटायचं म्हणून ते पेलेल अशा धावपट्ट्या अख्ख्या अमेरिकेत तीनच होत्या. मग चार चार चाकांची जोडणी केली.

@रेडियल_राजा त्या जेटच्या जोडाबद्दल लिहा, आमच्याकडच्या विमानाला पण ती पंखाच्या टोकाकडे लटकवलेली इंजिनं दिसतात.

रेडियल_राजा

हो तेच लिहायला आलो होतो. सहा पिस्टन पुरेनात, टेकऑफला आणि टार्गेटच्या वर वेग कमी पडायला लागला, तेव्हा १९४९ पासून प्रत्येक पंखाच्या टोकाकडे दोन-दोन जे-४७ जेट लटकवली. एकूण दहा इंजिनं! अमेरिकन पोरांत म्हण पडली, सहा फिरतायत चार जळतायत. ही जेट इंजिनं मुद्दाम पिस्टनच्याच पेट्रोलवर चालतील अशी करून घेतली होती, म्हणजे वेगळी टाकी नको. उरलेला वेळ ती बंद ठेवायची आणि तोंडाला पाकळ्यांसारखी झाकणं मिटून घ्यायची, नाहीतर वारा अडायचा.

यातच माझा सगळा मुद्दा आलाय बघा. ज्या हवाईदलाकडे जेट इंजिन हातात होतं, त्यांनी ते दहा-पंधरा मिनिटांच्या घाईपुरतं वापरलं आणि लांबचा रस्ता पिस्टनवर काढला. कारण चारी जेट पूर्णवेळ चालवली असती तर घरी परत यायला तेल उरलं नसतं.

नागपुरी_संत्रं

भाऊ हे तुम्ही वकिली करून राहिले. दुसरी बाजू पण सांगा ना. १९४९ मध्ये या विमानावरून नौदल आणि हवाईदलाची अमेरिकेत अशी जुंपली होती की त्याले 'ॲडमिरलांचं बंड' असं नाव पडलं. संरक्षणमंत्री लुई जॉन्सननं २३ एप्रिल १९४९ ला नौदलाची नवी महाकाय विमानवाहू नौका 'युनायटेड स्टेट्स' रद्द करून टाकली, तिचं बांधकाम सुरू होऊन आठवडा पण नव्हता झाला. नौदलमंत्र्यानं राजीनामा दिला. आणि हा जॉन्सन मंत्री व्हायच्या आधी कुठं होता? कॉनव्हेअरच्या संचालक मंडळावर! काहून संशय येणार नाही? संसदेत चौकशी झाली, भ्रष्टाचार काही सिद्ध झाला नाही, पण नौदल म्हणत होतं की हे विमान म्हणजे अब्जावधी डॉलरची चूक आहे. ॲडमिरल डेनफेल्डनं तोंड उघडलं तर त्याचीच खुर्ची गेली. मग पुढच्याच वर्षी कोरियात युद्ध पेटलं आणि कामाले काय आलं? विमानवाहू नौका.

रेडियल_राजा

@नागपुरी_संत्रं हा मुद्दा जोरदार आहे, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की कोरियासाठी बी-३६ बनवलंच नव्हतं. पण पैसा एका जागी ओतला की दुसरीकडे कमी पडतो, तिथं नौदल बरोबर होतं.

झुळूक

माफ करा पण एवढं कौतुकाने लिहिताय, ही विमानं शेवटी वापरली कुणावर ते पण बघा ना. बी-३६ ने एकही बॉम्ब युद्धात टाकला नाही म्हणता, छान. पण लिंकन? ब्रिटिशांची लिंकन रशियावर जायला बनवलेली, ती प्रत्यक्षात उडाली मलायाच्या जंगलावर आणि केनियात माऊ माऊ बंडखोरांवर. ज्यांच्याकडे एकसुद्धा विमान नव्हतं अशा लोकांवर चार इंजिनी बॉम्बर! झाडांवर टनावारी बॉम्ब टाकायचे, खाली कोण आहे ते दिसत पण नाही. आणि रशियाने चीनला दिलेली टीयू-४, म्हणजे बी-२९ ची रशियन नक्कल, १९५६ ला तिबेटमध्ये लिथांगच्या मठावर गेली. मोठ्या शत्रूसमोर जी जुनी झाली ती दुबळ्यांवर वापरायला चालतात, असाच याचा अर्थ ना?

रेडियल_राजा

@झुळूक बरोबर आहे, आणि माझ्या मुद्द्यापेक्षा महत्त्वाचं आहे. जिथं समोर मिग नाही तिथं पिस्टन बॉम्बर १९५० च्या दशकातसुद्धा 'चालायचा'. त्यात तो स्वस्त पडायचा आणि तासन्‌तास घिरट्या घालू शकायचा. माझी अंतराची थिअरी इथं लागू नाही, इथं कारण वेगळं आहे.

लोहगावकर

उशिरा आलो, ऑफिस. टीयू-४ निघालंच आहे तर त्याची भारतीय बाजू सांगतो.

१९४४ साली बी-२९ पहिल्यांदा लढाईत उतरलं ते भारतातून. खरगपूर आणि आसपासच्या तळांवर ती ठेवलेली, तिथून हिमालय ओलांडून चीनमध्ये चेंगदूला जायचं, तिथं तेल भरून जपानवर किंवा मांचुरियावर. पहिला हल्ला ५ जून १९४४ ला बँकॉकवर झाला. बंगालच्या उन्हाळ्यात त्यांची आर-३३५० इंजिनं इतकी तापायची की धावपट्टीवर जास्त वेळ उभं राहणंसुद्धा धोक्याचं. त्याच ताफ्यातली तीन विमानं हल्ल्यानंतर घरी पोचू शकली नाहीत आणि व्लादिवोस्तोकला उतरली. रशिया तेव्हा जपानशी लढत नव्हता, त्यामुळे विमानं ठेवून घेतली. स्टालिनने विमानांची रचना करणाऱ्या तुपोलेवला सांगितलं, नक्कल कर, फरक नको. एक विमान पूर्ण सुटं केलं. अमेरिकन पत्रा इंचाच्या मापात, एक सोळांश इंच म्हणजे १.५८७५ मिलिमीटर, रशियन कारखान्यांत मिलिमीटरचे पत्रे, त्यामुळे जाड घेतला तर वजन वाढतं आणि पातळ घेतला तर ताकद जाते. तरी दोन अडीच वर्षांत करून दाखवलं. ३ ऑगस्ट १९४७ ला तुशिनोच्या हवाई प्रदर्शनात आधी तीन विमानं दिसली, पाश्चात्त्य पाहुण्यांना वाटलं हीच ती अडकलेली तीन. मग मागून चौथं आलं, प्रवासी विमान पण पंख तेच. तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघायला हवे होते. पुढे जवळजवळ साडेआठशे बनवली.

म्हणजे रशियाच्या पहिल्या अणुबॉम्बरचे पूर्वज खरगपूरहून उडायचे.

मनवा_के

हे शाळेत शिकवलं असतं तर इतिहासात मार्क पडले असते!

लोहगावकर

@मनवा_के :)

आता आपल्या हवाईदलाचं. युद्ध संपल्यावर कानपूरला ब्रिटिशांनी अमेरिकेकडून घेतलेले बी-२४ लिबरेटर बॉम्बर ढिगाने टाकून दिले होते. करारानुसार ते परत तरी करायचे नाहीतर निकामी तरी करायचे, म्हणून जाताना त्यांची मोडतोड करून ठेवली, कुठे इंजिनात वाळू, कुठे सांगाड्यावर घाव. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू, आपल्याकडे एकही जड बॉम्बर नाही, पूंछमध्ये डाकोटातून बॉम्ब ढकलायची वेळ आलेली. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टला विचारलं, या भंगारातून काही निघतं का? परदेशी जाणकारांनी अशक्य म्हणून हात वर केले होते. एचएएलच्या लोकांनी एकाचा भाग दुसऱ्याला लावत, फक्त एकदा उडता येईल एवढंच दुरुस्त करायचं ठरवलं. मग कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती एक एक करत कानपूरहून बंगळूरला नेली, चाळीसच्या वर! प्रत्येक वेळी अर्धवट दुरुस्त केलेलं चार इंजिनी विमान घेऊन. तिथं मग नीट दुरुस्ती. नोव्हेंबर १९४८ ला ५ नंबरची स्क्वाड्रन त्यावर उभी राहिली. १९५१ ला आमच्या पुण्यात ६ नंबरची, तिचं काम समुद्रावर टेहळणीचं.

ती हवाईदलातून निघाली १९६८ च्या शेवटी! बी-३६ जाऊन नऊ वर्षं झाली होती. मग जगभरची म्युझियम आपल्या दाराशी आली. ब्रिटन, कॅनडा, आणि वर उल्लेख झालेलं टूसॉनचं पिमा, तिन्हीकडचे लिबरेटर आपल्याकडून गेलेले आहेत. दिल्लीत पालमलाही एक आहे.

डेझर्टमधली_मी

अग्गोबाई! पिमाचा बी-२४ भारतातून आलाय? मी त्याच्यासमोरून कितीदा गेलेय. आता पुढच्या वेळी पाटी नीट वाचते.

स्पॅनर_काका

लोहगावकर, एक जोड. लिबरेटरचं इंजिन आणि डाकोटाचं इंजिन एकाच घराण्यातलं, आर-१८३०. लिबरेटरवर टर्बोचार्जर जास्तीचा. त्यामुळे आपल्या मेकॅनिकना ते अगदीच परकं नव्हतं, डाकोटा आपल्याकडे भरपूर होते. अशक्य म्हणणाऱ्यांनी हा हिशोब धरला नसावा.

बोगमाळोवाला

आमच्या गोव्याचं कोणी बोललंच नाही! १८ डिसेंबर १९६१ ला दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले ते पुण्याहून उडालेल्या १२ कॅनबेरा जेटमधून, विंग कमांडर मेनन पुढे होते. टर्मिनल आणि टॉवरला मुद्दाम हात लावला नाही. आणि तिथं पोर्तुगीजांची दोन पिस्टन प्रवासी विमानं उभी होती, एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक स्कायमास्टर. ती वाचली, आणि रात्री त्या उखडलेल्या धावपट्टीच्या उरलेल्या भागावरून चक्क उडून कराचीला पळाली. जेटने बॉम्ब टाकले आणि प्रॉपेलरवाले निसटले, @रेडियल_राजा तुमच्या धाग्याला पाहिजे तसं.

आणि पुण्याच्या ६ नंबरच्या स्क्वाड्रनकडे लिबरेटरच्या जोडीला एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन आली, ती १९७६ ला नौदलाकडे दाबोळीला आली, ३१२ नंबरची स्क्वाड्रन. तिलाच १९८८ मध्ये टीयू-१४२ हे रशियन टेहळणी विमान मिळालं. लहानपणी त्याचा आवाज घरात बसून ऐकू यायचा, भांडी थरथरायची. पुढे ते अरक्कोणमला गेलं आणि २०१७ ला निवृत्त झालं.

रेडियल_राजा

@बोगमाळोवाला हे कमाल जुळतंय. टीयू-१४२ निघालं टीयू-९५ या रशियन बॉम्बरवरून आणि टीयू-९५ च्या धडाचा घेर टीयू-४ वरून चालत आलेला मानतात. म्हणजे बी-२९ खरगपूरहून उडालं, व्लादिवोस्तोकला अडकलं, मॉस्कोत नक्कल झाली आणि चाळीस वर्षांनी त्याचा नातू गोव्यात तुमची भांडी हलवायला आला.

नागपुरी_संत्रं

थांबा थांबा. टीयू-९५ टर्बोप्रॉप आहे, म्हणजे प्रॉपेलर फिरवणारं टर्बाइन इंजिन, पिस्टन नाही. ते मोजू नका. आणि तुमची अंतराची थिअरी जर खरी, तर बी-४७ नं कसं निभावलं? त्याचा पल्ला तर बी-३६ च्या निम्मा पण नव्हता.

रेडियल_राजा

मोजत नाही, फक्त घराणं सांगितलं. पण बी-४७ चा प्रश्न एकदम कळीचा विचारलात. निभावलं ते हवेत तेल भरून. आणि हवेत तेल द्यायला होतं कोण? केसी-९७, चार पिस्टन इंजिनांचा टँकर, तेच काकांचं २८ सिलिंडरचं आर-४३६०! टँकरचा जास्तीत जास्त वेग आणि बी-४७ चा कमीत कमी वेग एवढे जवळ की दोघांना जोडलेल्या अवस्थेत हळूहळू खाली उतरत राहावं लागायचं, तरच टँकरला वेग मिळायचा. जेट खाली पडायच्या बेतात आणि पिस्टन इंजिनं फुटायच्या बेतात. टँकरच्या पोटात जेटचं इंधन वेगळं आणि स्वतःचं पेट्रोल वेगळं. १९५७ ला केसी-१३५ हा जेट टँकर आला, खाली जे-५७ इंजिनं. दोनच वर्षांत बी-३६ गेलं. हे योगायोगाने झालं असं मला वाटत नाही. बी-३६ ला जेट बॉम्बरने नाही, जेट टँकरने घालवलं.

नागपुरी_संत्रं

हं. हे शेवटचं वाक्य मान्य. पण कोरियाचं माझं कायम.

स्पॅनर_काका

बोगमाळोवाले, तुमच्याकडच्या नौदलाच्या विमान म्युझियममध्ये एक सुपर कॉन्स्टेलेशन ठेवलेलं आहे. धाग्यावरची कुणी मंडळी गोव्याला गेली तर बीचवरून तासभर काढून ते बघा, अमेरिकेला जायची गरज नाही. त्याचं इंजिन आर-३३५०, बी-२९ च्याच घराण्यातलं, फक्त शेवटची आवृत्ती. यात एक्झॉस्टच्या वाटेत तीन छोटी टर्बाइन बसवलेली असतात, बाहेर वाया जाणाऱ्या गरम वायूतून ताकद काढून ती परत क्रँकशाफ्टला द्यायची. म्हणजे पिस्टन इंजिनातच अर्धं जेट घुसवलं. कागदावर फार सुंदर, पण एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह तुटले की तुकडे जाऊन थेट त्या टर्बाइनवर. इंग्रजीत तिला पॉवर रिकव्हरी टर्बाइन म्हणायचे, मेकॅनिक लोक म्हणायचे पार्ट्स रिकव्हरी टर्बाइन.

बोगमाळोवाला

काका, ते विमान बाहेर उघड्यावर आहे, समुद्राचा वारा. कव्हर उघडलेलं असेल तर टर्बाइनचा फोटो काढून इथं टाकतो.